शाळामास्तर ते प्राध्यापक: क्रिस्टोफर स्ट्रेची आणि स्वतःच्या आत डोकावणारे प्रोग्राम

पायथन शिकणाऱ्याच्या हाताला एक सवय लवकर लागते. समोर अनोळखी ऑब्जेक्ट आले, त्यात काय दडले आहे ते कळेना, की तो ‘डिर’ हे फंक्शन चालवतो. क्षणात नावांची यादी पडद्यावर येते. ऑब्जेक्टजवळ कोणती माहिती साठवलेली आहे, म्हणजे त्याची फील्ड्स कोणती, आणि त्याच्याकडून कोणती कामे करून घेता येतील, म्हणजे त्याच्या मेथड कोणत्या, ते समोर दिसते. ‘टाइप’ विचारले तर ते ऑब्जेक्ट आपली जात सांगते. ‘गेटअ‍ॅटर’ला नाव दिले तर त्या नावामागची वस्तू हातात येते. रुबी आणि जावास्क्रिप्ट या भाषांतही अशा सोयी आहेत. चालू प्रोग्रामने स्वतःच्याच भागांची अशी चौकशी करण्याला संगणकशास्त्रात अंतर्निरीक्षण म्हणतात.

ही सोय कुणा एकाने एका दिवशी शोधलेली नाही. जॉन मॅकार्थी यांची लिस्प आणि झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलेली स्मॉलटॉक या भाषांनी ती प्रत्यक्षात आणली. पण फंक्शन ही संख्येसारखीच हाती घेऊन फिरवता येणारी वस्तू आहे का, एखाद्या मूल्याची जात कधी कळते, आणि एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे पाहून नेमके किती ओळखावे, हे प्रश्न नीट शब्दांत मांडणाऱ्यांत एक नाव फार वरचे आहे. ते म्हणजे क्रिस्टोफर स्ट्रेची. गंमत अशी, की वयाच्या पस्तिशीपर्यंत हे गृहस्थ शाळेत शिकवत होते.

घराणे मोठे, मुलगा अबोल

स्ट्रेची यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड भागात झाला. या घराण्याचा भारताशी जुना संबंध. आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची हे ब्रिटिश अमदानीतील इंजिनिअर आणि प्रशासक. कालवे, रेल्वे आणि दुष्काळ आयोग अशा कामांत त्यांची हयात गेली. वडील ऑलिव्हर यांनीही तरुणपणी ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरी केली होती. पुढे ते गुप्तलिपी उलगडण्याच्या कामात शिरले आणि दोन्ही महायुद्धांत ब्रिटनसाठी सांकेतिक संदेश फोडत राहिले. प्रसिद्ध चरित्रकार लिटन स्ट्रेची हे क्रिस्टोफर यांचे सख्खे काका.

आई रे स्ट्रेची यांनी केंब्रिजमध्ये गणिताचा अभ्यास केला होता. स्त्रियांना मताधिकार मिळावा या चळवळीत त्या अग्रभागी होत्या आणि त्या चळवळीचा इतिहासही त्यांनी लिहिला. घरी लेखक, कलावंत, अर्थतज्ज्ञ यांची ये-जा असे. कोडी, शब्दखेळ आणि वादविवाद हे त्या घराचे रोजचे जेवणच होते. अशा घरातल्या मुलाकडून अपेक्षा किती असतील, याची कल्पना करता येते.

शिक्षण ग्रेशम्स या निवासी शाळेत झाले. १९३५ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. त्याच वर्षी त्या कॉलेजात अ‍ॅलन ट्युरिंग नावाचा तरुण फेलो म्हणून निवडला गेला होता. दोघांची तोंडओळख तिथलीच.

हुकलेली पदवी

केंब्रिजमध्ये स्ट्रेची यांचे अभ्यासात फारसे लक्ष लागले नाही. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांना मानसिक आघाताने ग्रासले आणि शिक्षणात खंड पडला. आपल्या समलैंगिकतेशी जुळवून घेण्याचा ताण त्यामागे होता, असे त्यांच्या बहिणीचे मत होते. त्या काळी इंग्लंडमध्ये हा कायद्याने गुन्हा होता. याविषयी घरातही मोकळेपणाने बोलण्याचे दिवस ते नव्हते.

बरे होऊन त्यांनी परीक्षा दिली, पण हाती आली दुसऱ्या वर्गाची, तीही खालची पदवी. संशोधनाची वाट तिथेच बंद झाली. मग त्यांनी स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या कंपनीत नोकरी धरली. युद्धाच्या काळात रडारसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांची गणिते तिथे करावी लागत. हाताने ती सुटणारी नव्हती, म्हणून ‘डिफरन्शियल अ‍ॅनलायझर’ हे दांडे आणि चाकांवर चालणारे गणनयंत्र वापरले जाई. गणित करणाऱ्या यंत्राची ओढ त्यांना तिथे लागली.

युद्ध संपल्यावर मात्र ते शिक्षक झाले. आधी कँटरबरीच्या सेंट एडमंड्स शाळेत आणि १९४९ पासून हॅरो या नामांकित शाळेत. मुलांना त्यांचे तास आवडत. पण ज्या घरातून ते आले होते, तिथले लोक त्यांच्या वयात नावारूपाला आलेले होते, आणि स्ट्रेची पस्तिशीकडे झुकले तरी त्यांच्या नावावर सांगण्यासारखे काही नव्हते.

मँचेस्टरची रात्र

जानेवारी १९५१ मध्ये एका मित्राने त्यांची गाठ माइक वुजर यांच्याशी घालून दिली. वुजर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम करत. तिथे ‘पायलट एस’ हा संगणक नुकताच चालू झाला होता. स्ट्रेची यांनी त्याची माहिती घेतली आणि घरी येऊन कामाला लागले. ड्राफ्ट्स, म्हणजे आठ बाय आठच्या पटावरचा सोंगट्यांचा खेळ, यंत्राला खेळता येईल असा प्रोग्राम त्यांना लिहायचा होता. शाळेचे तास, वह्या तपासणे आणि उरलेल्या वेळात हे. त्या यंत्राची स्मृती मात्र या प्रोग्रामला अपुरी पडली.

तेवढ्यात त्यांना कळले, की मँचेस्टर विद्यापीठात फेरांटी मार्क १ हा मोठा संगणक आला आहे आणि त्याची माहितीपुस्तिका ट्युरिंग यांनी लिहिली आहे. जुन्या ओळखीचा धागा पकडून त्यांनी ती मागवली. पुस्तिका वाचायला महाकठीण होती. त्या यंत्राच्या आज्ञा बत्तीसच्या पायावरील चिन्हांत लिहाव्या लागत, आणि त्याही उलट्या क्रमाने. स्ट्रेची यांनी ती पुस्तिका पचवली आणि मँचेस्टर गाठले.

ट्युरिंग यांनी त्यांना एक वेगळेच काम सुचवले. यंत्राने यंत्राचीच नक्कल करावी, असा प्रोग्राम लिहून पाहावा. याचा अर्थ असा: एक प्रोग्राम चालक म्हणून बसेल. दुसऱ्या प्रोग्रामच्या आज्ञा तो एकेक करून उचलेल, त्या पाळेल आणि प्रत्येक पायरीला काय घडले याचा हिशेब ठेवेल. दुसऱ्या प्रोग्राममध्ये चूक असली, तर ती कुठल्या आज्ञेपाशी झाली ते या हिशेबातून सापडेल.

आज प्रोग्रामर ‘डीबगर’ उघडतो, ओळीओळीने पुढे जातो, प्रत्येक टप्प्यावर कोणत्या चलात काय आहे ते पाहतो. त्याचे हे फार जुने रूप. एका प्रोग्रामसाठी दुसरा प्रोग्राम ही निरीक्षणाची वस्तू झाली होती.

स्ट्रेची पुन्हा मँचेस्टरला आले ते हजारेक आज्ञांचा प्रोग्राम घेऊन. त्या यंत्रावर तोवर कुणी एवढा मोठा प्रोग्राम चालवला नव्हता, आणि हा आणणारा होता एक शाळामास्तर. ट्युरिंग यांनी यंत्र कसे चालवायचे ते भराभर सांगितले आणि त्यांना रात्रभर यंत्रापाशी सोडून दिले. सकाळपर्यंत चुका दुरुस्त होत होत प्रोग्राम चालू लागला. शेवटी यंत्राच्या भोंग्यातून ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजले. भोंगा किती वेगाने ठोकला म्हणजे कोणता सूर निघतो, याचा हिशेब स्ट्रेची यांनी आधीच करून ठेवला होता. त्याच वर्षी बीबीसीने या यंत्राच्या संगीताचे ध्वनिमुद्रण केले. संगणकाच्या संगीताच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या ध्वनिमुद्रणांत त्याची गणना होते.

त्या एका रात्रीने त्यांचे आयुष्य पालटले. शाळेतली नोकरी सुटायला मग फार दिवस लागले नाहीत.

प्रेमपत्रे, नदी आणि वेळेची वाटणी

जून १९५२ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळात रुजू झाले. सरकारी पैशातून निघालेले शोध उद्योगांपर्यंत पोहोचवणे हे त्या महामंडळाचे काम. तोवर त्यांचा ड्राफ्ट्सचा प्रोग्राम मँचेस्टरच्या यंत्रावर अख्खा डाव खेळू लागला होता. त्याच वर्षी टोरांटोच्या परिषदेत त्यांनी त्यावर निबंध वाचला. संगणक म्हणजे आकडेमोड, अशी तेव्हा समजूत होती. त्यापलीकडची कामेही हे यंत्र करू शकते, हा त्या निबंधाचा गाभा होता.

याच सुमारास त्यांनी यंत्राकडून प्रेमपत्रेही लिहवून घेतली. नामे, विशेषणे, क्रियापदे आणि क्रियाविशेषणे यांच्या याद्या, वाक्याचे ठरावीक साचे आणि कोणता शब्द निवडायचा ते ठरवायला यादृच्छिक संख्या, एवढाच त्याचा मालमसाला. पत्राखाली सही असे मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाच्या आद्याक्षरांची. ही गंमत होती, पण त्यातून एक गोष्ट दिसत होती. साचा थोडक्यात लिहिता येतो आणि त्यातून असंख्य रचना निघतात.

कॅनडात त्यांनी सेंट लॉरेन्स जलमार्गाच्या कामासाठी लागणारी पाण्याच्या पातळीची अवघड गणिते टोरांटो विद्यापीठाच्या संगणकावर करून दिली. इंग्लंडमध्ये परतल्यावर फेरांटी कंपनीच्या पेगॅसस या संगणकाच्या आज्ञावलीची आखणी त्यांच्या सल्ल्याने झाली. प्रोग्राम लिहिणाऱ्याला सोपे जावे, असा विचार त्या यंत्रात पहिल्यापासून केलेला होता.

१९५९ मध्ये पॅरिसला युनेस्कोची माहितीप्रक्रियेवरील मोठी परिषद झाली. तिथे स्ट्रेची यांनी संगणकाच्या वेळेच्या वाटणीवर निबंध मांडला. त्या काळी यंत्र अतिशय महाग होते. प्रोग्रामर चूक शोधत विचार करत बसला, की तेवढा वेळ यंत्र रिकामे राही. स्ट्रेची यांचा उपाय असा: प्रोग्रामर आपल्या टेबलापाशी चूक शोधत बसला असताना यंत्राने मधल्या फटींत दुसऱ्यांची कामे उरकावीत. एकाच संगणकावर अनेक माणसांनी एकाच वेळी बसून काम करणे, हा पुढे रूढ झालेला अर्थ याहून थोडा वेगळा आहे. तो विचार अमेरिकेत मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढवला. पण या दिशेने टाकलेल्या पहिल्या पावलांत स्ट्रेची यांचे पाऊल होते.

कधीच पूर्ण न झालेली भाषा

त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि ते स्वतंत्र सल्लागार झाले. मिळकतीतून त्यांनी पीटर लँडिन या तरुणाला मदतनीस म्हणून ठेवले. लँडिन यांचा बराचसा वेळ प्रोग्रामिंग भाषांच्या सैद्धांतिक अभ्यासात जाई, आणि स्ट्रेची तो आनंदाने जाऊ देत. विद्यापीठाबाहेर, एका खासगी सल्लागाराच्या खर्चाने, भाषांच्या अर्थाचा पायाभूत विचार चालला होता.

१९६२ मध्ये मॉरिस विल्क्स यांनी त्यांना केंब्रिजला बोलावले. खालच्या दुसऱ्या वर्गात पास झालेला विद्यार्थी आता संशोधक म्हणून परतला. तिथे केंब्रिज आणि लंडनच्या संशोधकांनी मिळून सीपीएल नावाची नवी भाषा आखायला घेतली. व्यवसायापासून विज्ञानापर्यंत सगळ्या कामांना चालेल अशी भाषा हवी होती. आखणी सुंदर होती, पण पसारा त्या काळच्या यंत्रांना झेपणारा नव्हता. सीपीएल पूर्णपणे कधीच उभी राहिली नाही.

तरीही ती वाया गेली नाही. मार्टिन रिचर्ड्स यांनी तिला काटछाट करून बीसीपीएल केली. केन थॉम्पसन यांनी तिच्यावरून बी बनवली. बीमधून डेनिस रिची यांनी सी घडवली. आज सर्वाधिक वापरली जाणारी पायथनची आवृत्ती सी भाषेत लिहिलेली आहे. म्हणजे ‘डिर’ला उत्तर देणारे खालचे यंत्र ज्या भाषेत आहे, तिची पणजी सीपीएल.

आत डोकावण्याची सीमा

जानेवारी १९६५ मध्ये ‘कॉम्प्युटर जर्नल’ या नियतकालिकात स्ट्रेची यांचे एक छोटेसे पत्र छापून आले. विषय होता अशक्य प्रोग्राम. कोणताही प्रोग्राम हाती दिला असता तो कधीतरी थांबेल की कायम फिरत राहील, हे तपासून सांगणारा प्रोग्राम लिहिता येत नाही, ही गोष्ट जाणकारांना ठाऊक होती. १९५३ मध्ये एका परिषदेला जाताना आगगाडीच्या डब्यात ट्युरिंग यांनी त्यांना त्याची सिद्धता तोंडी सांगितली होती. स्ट्रेची ती विसरून गेले. ट्युरिंग १९५४ मध्ये वारले, त्यामुळे पुन्हा विचारण्याची सोय उरली नाही. स्ट्रेची यांनी मग सिद्धता स्वतःच नव्याने रचली.

ती थोडक्यात अशी. समजा, असा परीक्षक आहे. त्याला कोणतीही कार्यप्रणाली दिली, की ती थांबणारी असल्यास तो होय म्हणतो, नसल्यास नाही. आता एक खोडकर कार्यप्रणाली लिहू. ती परीक्षकाला स्वतःबद्दलच विचारते. परीक्षक होय म्हणाला, म्हणजे ती थांबणार असे ठरले, तर ती मुद्दाम गोल गोल फिरत राहते. परीक्षक नाही म्हणाला, तर ती तिथेच थांबते. म्हणजे परीक्षकाने काहीही सांगितले तरी ते खोटे ठरते. त्या अर्थी असा परीक्षक असूच शकत नाही.

आत डोकावण्याच्या सगळ्या सोयींना हीच लक्ष्मणरेषा आहे. ऑब्जेक्टला विचारले, की त्याच्या मेथडची नावे मिळतात, तिला किती माहिती द्यावी लागते ते कळते, कधी तिचा मूळ मजकूरही वाचता येतो. पण ती मेथड चालवल्यावर काम संपवून परत येईल का, याचे प्रत्येक वेळी बिनचूक लागू पडणारे उत्तर कोणतीही तपासणी देऊ शकत नाही. नावांची यादी म्हणजे घराबाहेरची पाटी. आत कोण कसे वागेल, ते पाटी सांगत नाही.

या सिद्धतेतली एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परीक्षकाला जी वस्तू दिली जाते ती संख्या नाही, ती कार्यप्रणाली आहे. कामाची कृतीच उचलून दुसऱ्याच्या हाती देता आली पाहिजे, तरच हा प्रश्न विचारता येतो. स्ट्रेची यांचे पुढचे मोठे काम नेमके इथून सुरू होते.

कोपनहेगनची व्याख्याने

१९६५ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले आणि तिथे प्रोग्रामिंग संशोधन गट उभा केला. ऑगस्ट १९६७ मध्ये कोपनहेगनच्या उन्हाळी शिबिरात त्यांनी प्रोग्रामिंग भाषांच्या मूलभूत कल्पनांवर व्याख्याने दिली. त्यांची टिपणे हातोहात फिरली, त्यांच्या प्रती निघत राहिल्या, पण रीतसर छापून यायला २००० साल उजाडले. आजच्या प्रोग्रामरच्या तोंडी असलेले कित्येक शब्द त्या टिपणांतून पसरले.

पहिली कल्पना पहिल्या दर्जाच्या वस्तूंची. अल्गोल ६० या त्या काळच्या भाषेत संख्येला सगळे हक्क होते. ती चलात ठेवता येई, दुसऱ्या कार्यप्रणालीला देता येई, उत्तर म्हणून परत घेता येई. कार्यप्रणालीला हे सगळे हक्क नव्हते. तिला हाक मारता येई किंवा दुसरीकडे पाठवता येई, एवढेच. ती चलात ठेवता येत नव्हती. जणू संख्या पहिल्या दर्जाच्या नागरिक आणि कार्यप्रणाली दुसऱ्या. हा भेद स्ट्रेची यांनी नावानिशी दाखवून दिला. आज पायथनमध्ये ऑब्जेक्टच्या एखाद्या मेथडचे नाव देऊन ती मेथड हातात घेता येते, चलात ठेवता येते, यादीत टाकता येते आणि नंतर सवडीने चालवता येते. मेथडला पहिल्या दर्जाचे नागरिकत्व मिळाले म्हणूनच हे जमते.

दुसरी कल्पना जागा आणि जिन्नस यांची. स्वयंपाकघरातला डबा वेगळा आणि त्यातले धान्य वेगळे. प्रोग्राममध्येही चल म्हणजे डबा, आणि मूल्य म्हणजे आतला जिन्नस. मग जात कुणाची? डब्याची की जिन्नसाची? काही भाषांत डब्यावर आधीच चिठ्ठी असते: यात फक्त तांदूळ. प्रोग्राम चालण्याआधीच, मजकूर वाचून, कशात काय येणार ते ठरवता येते. स्ट्रेची यांनी अशा गुणधर्मांना उघड म्हटले. काही भाषांत डबे कोरे असतात आणि जिन्नस स्वतःची चिठ्ठी गळ्यात घालून फिरतो. डब्यात काय आहे ते प्रोग्राम चालू असताना उघडून पाहिल्यावरच कळते. अशा गुणधर्मांना त्यांनी सुप्त म्हटले. या दोहोंमधली सीमा अगदी काटेकोर नाही, हेही त्यांनी सांगून ठेवले.

पायथन, रुबी, जावास्क्रिप्ट या गतिमान भाषा दुसऱ्या प्रकारच्या. चिठ्ठी जिन्नसाच्या गळ्यात आहे, म्हणून तर जिन्नसाला विचारता येते, तू कोण आणि तुला काय येते. पण याची किंमतही मोजावी लागते. नाव चुकले, हवी ती मेथड ऑब्जेक्टजवळ नसली, तर ते प्रोग्राम चालू असतानाच उघडकीला येते, कधीकधी वापरणाऱ्याच्या समोर. शिवाय नुसते पाहणेही नेहमी निरुपद्रवी नसते. पायथनमध्ये काही फील्ड्स वाचायला गेले, की पडद्याआड एखादे फंक्शन चालते. ‘डिर’ला कोणती नावे दाखवायची, तेही ऑब्जेक्टच्या वर्गाला बदलता येते.

तिसरी कल्पना बहुरूपतेची. बेरजेचे चिन्ह पूर्णांकांसाठी एक कृती करते आणि अपूर्णांकांसाठी दुसरी. ही प्रसंगानुसार ठरणारी बहुरूपता. याउलट, यादीतल्या प्रत्येक घटकावर एकच क्रिया करत जाणारे फंक्शन यादीत काहीही असले तरी त्याच वाटेने जाते. ही दुसरी बहुरूपता. हा भेद आणि त्याची नावे स्ट्रेची यांचीच.

शेवटची वर्षे

ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या मनात एकच ध्यास होता. प्रोग्रामच्या मजकुराला नेमका अर्थ काय, हे गणिताच्या भाषेत सांगता आले पाहिजे. यंत्र काय करते ते पाहून अर्थ ठरवणे त्यांना मान्य नव्हते. आधी अर्थ स्पष्ट हवा, मग यंत्राने त्याप्रमाणे वागावे.

अडचण अशी, की ते जी गणिती साधने वापरत होते, त्यात फंक्शन स्वतःलाच स्वतः देता येत असे. अशा गोष्टीला गणिताचा पक्का आधार होता का, हेच कुणाला माहीत नव्हते. १९६९ मध्ये डॅना स्कॉट हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ ऑक्सफर्डला काही महिन्यांसाठी आले. सुरुवातीला स्कॉट यांनाच या पद्धतीबद्दल शंका होती. पण त्याच मुक्कामात त्यांना तिचा गणिती पाया सापडला. दोघांच्या कामातून प्रोग्रामिंग भाषांचा अर्थ सांगणारी एक नवी शाखा उभी राहिली. १९७१ मध्ये ऑक्सफर्डने स्ट्रेची यांना प्राध्यापकपद दिले.

त्यांनी लिहून छापले मात्र फार थोडे. लिखाण मनासारखे झाल्याशिवाय ते हातावेगळे करत नसत. शिकवण्यात, बोलण्यात, फळ्यावर खडूने मांडण्यात त्यांचे विचार वाहत. कागदावर ते अडकून पडत. १९७४ मध्ये मात्र त्यांनी रॉबर्ट मिल्न या तरुण सहकाऱ्यासोबत केंब्रिजच्या अ‍ॅडम्स पारितोषिकासाठी एक प्रदीर्घ निबंध तयार केला. वर्षानुवर्षांचा विचार त्यात एकत्र आला होता. पारितोषिक मिळाले नाही.

निबंध पाठवल्यानंतर लवकरच स्ट्रेची आजारी पडले. निदान झाले काविळीचे. मध्यंतरी ते बरे होत आहेत असे वाटले, पण आजार उलटला. संसर्गजन्य यकृतदाहाने १८ मे १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. वय होते ५८. पाहिलेल्या स्वप्नातले बरेचसे काम डोक्यातच राहिले.

मिल्न यांनी तो निबंध पुस्तकरूपाने पुरा केला आणि १९७६ मध्ये दोघांच्या नावाने तो प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डमधील गटाची धुरा १९७७ मध्ये टोनी होर यांच्याकडे आली. आज ऑक्सफर्डच्या संगणकशास्त्र विभागात नामवंत वक्त्यांची जी व्याख्यानमाला चालते, ती स्ट्रेची यांच्या नावाने ओळखली जाते.

हॅरोच्या शिक्षकाने १९५१ मध्ये एका यंत्राला स्वतःचेच पाऊल न् पाऊल तपासायला लावले होते. आता तेच काम पायथन शिकणारी शाळकरी मुलेही करतात. समोरच्या ऑब्जेक्टला तुझ्यात काय आहे असे विचारतात, आणि यादी आल्यावर त्यातली एखादी मेथड चालवून पाहतात.